खोक्यावर गिगाबिट, मोबाइलवर ९४: राउटरचा वेग नक्की कुठे अडतो?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेले चार-दोन शब्द काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय तुमच्या घरातल्या कपाटावर, टीव्हीच्या मागे नाहीतर दाराच्या चौकटीवर लटकलेल्या त्या अँटेनावाल्या डब्याचा. राउटर. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात आकडे असतात. १२००, १५००, ३०००, ‘गिगाबिट’, ‘सुपरफास्ट’. आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली की काटा येऊन थांबतो ९० वर, कधी ४० वर. मग आपण काय करतो? केबलवाल्याला फोन. तो म्हणतो, ‘दादा, लाइन एकदम क्लिअर आहे’. मग दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘राउटर जुना झालाय, नवीन घ्या’. आणि हजारो रुपये गेल्यावर काटा पुन्हा ९० वरच.

यात कुणी खोटं बोलतंय असंही नेहमी नसतं बरं का. गोष्ट अशी आहे की खोक्यावरचा आकडा वेगळ्या वस्तूचा असतो आणि तुम्ही मोजताय ती वस्तू वेगळी.

आधी एक छोटी गोष्ट मिटवून टाकू, कारण निम्मे मेसेज यावरच येतात. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये आणि डाउनलोड होताना फोन दाखवतो मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेअकरा-बारा मेगाबाइटने उतरत असेल, तर सगळं ठीक आहे. भांडू नका.

आता मुद्द्यावर.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला तीन लेन. पोर्टचा स्पीड म्हणजे या लेन. रस्ता किती रुंद आहे, त्यावरून जास्तीत जास्त किती गाड्या जाऊ शकतात, एवढंच तो सांगतो. पण मध्ये खालापूरचा टोलनाका आहे ना! दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बघा, रस्ता तोच, लेन त्याच, आणि गाड्या रांगेत उभ्या. प्रत्यक्षात तासाला किती गाड्या पुण्याला पोचल्या, त्याला म्हणायचं थ्रूपुट. राउटर म्हणजे हा टोलनाका. रस्ता नाही.

हा टोलनाका करतो काय? तुमच्या घरात चार मोबाइल, दोन लॅपटॉप, एक टीव्ही. बाहेरच्या जगाला मात्र एकच पत्ता दिसतो. त्यामुळे आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी राउटरला वही उघडावी लागते: हे कुणाचं, कुठल्या मोबाइलने मागवलं होतं, त्यावरचा पत्ता खोडून नवीन लिहा, बेरीज-तपासणीचा आकडा पुन्हा काढा, फायरवॉलचा एखादा नियम आड येतोय का बघा. याला नॅट म्हणतात. आपल्याकडे बरेच लोकल ऑपरेटर युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन देतात, त्याचं नाव पीपीपीओई. त्यात प्रत्येक पॅकेटला आणखी आठ बाइटचं पाकीट चढवायचं आणि उतरवायचं.

हे किती वेळात करायचं? गिगाबिट लाइन पूर्ण भरून चालली आणि पॅकेट सगळ्यात मोठ्या मापाचे असले, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट येतात. म्हणजे एकाला साधारण १२ मायक्रोसेकंद. जमतं. पण पॅकेट सगळ्यात छोटे, ६४ बाइटचे असले, तर त्याच लाइनवर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट येतात! टोलचा हिशेब गाडीमागे असतो, वजनामागे नाही. ट्रकमध्ये दहा टन माल असो की कारमध्ये एकटा माणूस असो, खिडकीपाशी थांबायचा वेळ जवळपास तोच. म्हणून मोठी फाइल उतरवताना जो राउटर सुसाट वाटतो, तोच गेम, व्हिडिओ कॉल, टॉरंट अशा बारीक पॅकेटांच्या गर्दीत धापा टाकतो.

एक हिशेब करूनच टाकू. गिगाबिट राउटरांमध्ये बरीच वर्षं मीडियाटेकची एमटी७६२१ नावाची चिप फार चालली. दोन कोर, ८८० मेगाहर्ट्झ. छोटे पॅकेट पूर्ण वेगाने आले तर एका कोरला एका पॅकेटमागे मिळतात जेमतेम ५९० ठोके. तेवढ्यात वही उघडा, शोधा, खोडा, लिहा, पाठवा. निव्वळ प्रोसेसरच्या जिवावर हे होत नाही.

मग अशा चिपवाले राउटर गिगाबिट देतात तरी कसे? तर फास्टॅग लावून. खरंच, तेच. एखादं डाउनलोड सुरू झालं की पहिले काही पॅकेट प्रोसेसर नीट तपासतो, वहीत नोंद करतो, आणि ती नोंद चिपमधल्या वेगळ्या सर्किटला देऊन टाकतो: ‘या गाडीमागून येणाऱ्या सगळ्या अशाच, यांना न थांबवता सोडत जा’. याला हार्डवेअर नॅट किंवा ऑफलोड म्हणतात. प्रोसेसर बाजूला निवांत बसतो आणि नऊशेच्या वर काटा जातो.

आणि इथेच गोम आहे. हा फास्टॅग काही सेटिंग चालू केल्या की बंद पडतो. मुलांचे मोबाइल रात्री दहानंतर बंद करणारं पॅरेंटल कंट्रोल, कुणाला किती बँडविड्थ द्यायची ते ठरवणारं क्यूओएस, कुठल्या साइटवर किती डेटा गेला ते मोजणारं मॉनिटरिंग, राउटरवरच लावलेलं व्हीपीएन. यांना प्रत्येक पॅकेट स्वतः बघायचं असतं. म्हणजे पुन्हा प्रत्येक गाडी थांबवा, डिकी उघडा. सगळ्याच राउटरमध्ये असं होतं असं नाही, पण स्वस्तातल्या राउटरमध्ये नऊशेचा वेग दोन-अडीचशेवर येणं अजिबात नवलाचं नाही. गंमत बघा, स्पीड सुधारावा म्हणून लोक क्यूओएस चालू करतात.

हे फक्त घरगुती, स्वस्त मालात होतं असं समजू नका. यूबिक्विटी कंपनीचा यूनिफाय सिक्युरिटी गेटवे नावाचा छोटा डबा होता, छोट्या ऑफिसांमध्ये फार लोकप्रिय. तीन गिगाबिट पोर्ट. माहितीपत्रकात आकडा ३ जीबीपीएस, म्हणजे तीन पोर्टांची बेरीज, ५१२ बाइट आणि त्याहून मोठ्या पॅकेटसाठी. आणि त्याच कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की घुसखोरी ओळखणारी सुरक्षा चालू केली की यातून सुमारे ८५ एमबीपीएस मिळतील. डबा तोच, पोर्ट तेच. ३००० आणि ८५! मला यात कंपनीचं कौतुकच वाटतं, कारण खालचा आकडाही त्यांनी छापला. बहुतेक जण वरचाच छापतात.

त्याहून भारी उदाहरण सिस्कोचं. आयएसआर ४३२१ हा ऑफिसचा राउटर घेतलात तर पोर्ट गिगाबिटचे, पण राउटर म्हणून तो सोडणार ५० एमबीपीएस. परफॉर्मन्स लायसन्सचे वेगळे पैसे भरले की १००. म्हणजे टोलनाक्यावर खिडक्या आहेत, माणसंही आहेत, पण पैसे भरेपर्यंत एकच खिडकी उघडी. मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर हे वाचूनच विकत घेतात, म्हणून तिथे कुणी फसत नाही. घरच्या ग्राहकाला हा कागद कुणी दाखवत नाही, एवढाच फरक.

आणि राउटर नसलेलं एक उदाहरण, कारण कॉलेजमधल्या प्रोजेक्टवाल्या मंडळींना ते लगेच पटेल. २०१८ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ३ बी प्लस. त्याला गिगाबिट पोर्ट होता. पण आतमध्ये तो पोर्ट यूएसबी २ च्या वाटेने प्रोसेसरला जोडलेला. त्यामुळे जास्तीत जास्त ३०० एमबीपीएस, आणि हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. वर्षभराने आलेल्या पाय ४ मध्ये पोर्ट खराखुरा गिगाबिट झाला. दरवाजा रुंद आणि आत बोळ, असा प्रकार बऱ्याच उपकरणांत असतो.

बरं, आता ९४ या आकड्याकडे येऊ, कारण या भागाचं कारणच तो आहे.

पुण्यातून एक मेसेज आला होता. चार मुली, भाड्याचा फ्लॅट, एक कनेक्शन. १०० चा प्लॅन होता, दोघींचे ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू झाले म्हणून ३०० चा घेतला. सहा महिने झाले, दर महिन्याला जास्तीचे पैसे जातायत. स्पीड टेस्ट कुणाच्याही फोनवर, कितीही वेळा केली तरी ९३-९४. एकदाही ९५ नाही. ऑपरेटर म्हणतो लाइन बरोबर आहे. दुकानदार वाय-फाय ६ चा महागडा राउटर गळ्यात मारतोय. चौघींत वाद असा की पैसे कुणाच्या हट्टामुळे वाया गेले. ‘दादा, तुम्हीच सांगा.’

मी त्यांना एकच गोष्ट मागितली. राउटर उलटा करून स्टिकरचा फोटो, आणि असेल तर खोक्याचाही.

का, ते सांगतो. स्पीड टेस्ट रोज वेगवेगळी आली असती, ६०, ११०, ८५, तर वाय-फायवर किंवा ऑपरेटरवर संशय घेतला असता. पण काटा रोज त्याच जागी डोकं आपटत असेल, तर तिथे छत आहे. आणि ९४ हे छत ओळखीचं आहे. केबलवरून १५०० बाइटचं पॅकेट जातं तेव्हा त्याच्या आगेमागे ३८ बाइट इथरनेटचे लागतात: सुरुवातीची खूण, पत्ते, शेवटची तपासणी, आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा. झाले १५३८. त्या १५०० मध्येही ५२ बाइट पत्त्यांचे आणि पोचपावतीच्या व्यवहाराचे. तुमच्या हातात पडतो तो खरा माल १४४८. भागून बघा, साधारण ९४ टक्के. म्हणून १०० च्या पोर्टमधून ९४ मिळतात आणि १००० च्या पोर्टमधून ९४०. हा दोष नाही. हे पाकिटाचं वजन आहे.

फोटो आला. खोक्यावर मोठ्ठं एसी१२००, आणि स्टिकरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, पोर्ट १०/१०० एमबीपीएस. झालं! वाय-फाय १२०० चं, पण इंटरनेट ज्या भोकातून आत येतं ते १०० चं. त्यातून ३०० येणार कुठून?

आता एसी१२०० ची पण चिरफाड करू. यातले ३०० हे २.४ गिगाहर्ट्झचे आणि ८६७ हे ५ गिगाहर्ट्झचे. बेरीज ११६७, मग वर ढकलून १२००. तुमचा फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो. म्हणजे ही बेरीज एका फोनला कधी मिळतच नाही. दोन दुकानांच्या गल्ल्याची बेरीज करून एकाचा धंदा सांगण्यातला हा प्रकार. एएक्स३००० चंही तेच: ५७४ अधिक २४०२. त्यातले २४०२ मिळायला फोननेही १६० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल पकडायला हवा, आणि अनेक फोन ८० वरच थांबतात. आणि मागे बघावं तर इंटरनेटचा पोर्ट गिगाबिटचा. बाहेरून येणारं सगळं मिळून ९४० च्या वर जाणारच नाही, हवेत कितीही लिहा.

त्या मुलींना मी नवा राउटर घ्या असं सांगितलं नाही. आधी विचारलं, ९४ मध्ये अडलंय काय? व्हिडिओ कॉलला चांगल्या प्रतीतही तीन-चार एमबीपीएस पुरतात. ४के सिनेमा धरा १५ ते २५. चौघी एकदम काहीही करत असल्या तरी ९४ भरणं अवघड. त्यांचा इंटरव्ह्यू अडकत होता तो वेगामुळे नाहीच. राउटर हॉलमध्ये आणि इंटरव्ह्यू आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, त्यामुळे फोन २.४ वर. माझं मत स्पष्ट होतं: प्लॅन परत १०० चा करा, वाचलेल्या पैशांतून एक लांब केबल घ्या आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी लॅपटॉपला थेट लावा. त्यांनी तेच केलं. सहा महिन्यांचा फरक मात्र परत मिळाला नाही. ऑपरेटर म्हणाला, आम्ही ३०० दिले होते. आणि खरंच दिले होते.

याच लक्षणाचं आणखी एक कारण असतं, आणि ते फुकटात दुरुस्त होतं. राउटर गिगाबिट, प्लॅन ३००, तरी ९४. मग केबल बघा. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार टोकाला तुटली, नीट क्रिंप झाली नाही, किंवा जोडणाऱ्याने मुळात चारच तारा बसवल्या, तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर तडजोड करतात. नेट चालू राहतं, दिवा लागलेला असतो, कुणाला कळत नाही. केबल बदलून बघा. दुकानदाराकडे जायच्या आधी.

आता वाय-फाय. इथे टोलनाक्याची उपमा सोडून द्या, ती चालत नाही. हवा म्हणजे वर्ग. एका वेळी एकानेच बोलायचं. राउटर बोलतो तेव्हा फोन गप्प, फोन बोलतो तेव्हा राउटर गप्प, आणि त्याच चॅनलवर शेजाऱ्याचा राउटर बोलत असेल तर दोघंही गप्प. प्रत्येक वाक्याआधी ‘कुणी बोलतंय का’ हे ऐकायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर पोचपावती. त्यामुळे फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जो लिंक स्पीड दिसतो, त्याचा निम्मा ते दोन तृतीयांश प्रत्यक्षात मिळाला तर खूश व्हा. वाय-फाय ५ चा, एकच अँटेना असलेला फोन: लिंक स्पीड ४३३. दोन अँटेनावाला: ८६७. जुन्या २.४ वर एका अँटेनाचा फोन: ७२. या ७२ वाल्याला तुम्ही हजाराचा प्लॅन दिलात तरी तो चाळीस-पन्नासच दाखवणार. म्हणजे बऱ्याचदा छत राउटरचं नसतं, तुमच्या हातातल्या फोनचं असतं.

आणि लांबच्या खोलीतला एक फोन जर ६ एमबीपीएसच्या लिंकवर रडतखडत बोलत असेल, तर तेवढाच मजकूर सांगायला तो ७२ वाल्याच्या बारापट वेळ घेतो. तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. घरातला सगळ्यात मंद फोन सगळ्यांचा वेग खातो तो असा.

मोजायचं कसं, ते पटकन. पहिल्यांदा लॅपटॉप केबलने राउटरला लावून स्पीड टेस्ट. मग ऑपरेटरने दिलेल्या फायबरच्या डब्यालाच थेट लावून, राउटर मधून काढून. दुसरा आकडा मोठा आला तर राउटर अडवतोय. दोन्ही सारखे आणि कमी आले तर ऑपरेटरला फोन करा, आता तुमच्या हातात पुरावा आहे. दोन्ही चांगले आणि मोबाइलवरच कमी, तर हवा नाहीतर फोन. (कनेक्शन पीपीपीओईचं असेल आणि लॉगिन राउटरमध्ये भरलेलं असेल, तर थेट लावताना ते युजरनेम-पासवर्ड लॅपटॉपमध्ये टाकावं लागेल.)

एका सापळ्यापासून जपा. आयपर्फ नावाचं मोफत साधन आहे, त्याने घरातल्या दोन कॉम्प्युटरमधला वेग मोजता येतो. बरेच जण दोन्ही लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला लावतात, ९४० बघतात आणि म्हणतात राउटर मस्त आहे. पण लॅनमधून लॅनमध्ये जाणारं पॅकेट राउटरच्या आतल्या स्विचमधूनच परस्पर निघून जातं, टोलनाक्याकडे ते फिरकतही नाही. राउटर मोजायचा तर एक लॅपटॉप इंटरनेटच्या पोर्टच्या बाजूला हवा.

या मोजमापाचे नियमही जुने आहेत बरं. १९९९ च्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजात लिहिलंय की इथरनेटचं उपकरण ६४ पासून १५१८ बाइटपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या पॅकेटने तपासा. आणि थ्रूपुट म्हणजे एकही पॅकेट न गळता जास्तीत जास्त जेवढा वेग टिकतो तो, ही व्याख्या तर १९९१ च्या आरएफसी १२४२ मधली. मायक्रोटिक ही कंपनी आजही आपल्या राउटरच्या पानावर असा तक्ता देते: पॅकेट एवढ्या मापाचं, फायरवॉलचे नियम इतके, मग वेग इतका. तो तक्ता उघडा आणि छोट्या पॅकेटच्या, २५ नियम लावलेल्या रकान्यात बघा. पोर्ट गिगाबिटचे असलेल्या राउटरचे तिथले आकडे बघून पोर्टवरचा तुमचा विश्वास आपोआप जागेवर येईल.

दुकानात गेलात तर अँटेना मोजत बसू नका. विचारा: इंटरनेटचा पोर्ट किती एमबीपीएसचा? लॅनचे पोर्टही तेवढेच का? कारण काही राउटरमध्ये एकच पोर्ट २.५ गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १ चे, आणि खोक्यावर अर्थातच २.५ छापलेलं असतं. पीपीपीओई लावून वेग किती, हे दुकानदाराला बहुतेक माहीत नसतं. ते मॉडेलचं नाव टाकून तुम्हीच शोधा, लोकांनी मोजून ठेवलेलं असतं.

तुमच्या घरी काटा कुठल्या आकड्यावर अडतो, ते राउटरच्या स्टिकरच्या फोटोसकट पाठवा. फोटोत वाय-फायचा पासवर्ड दिसत असेल तर त्यावर बोट ठेवून काढा हां, मागच्या वेळी निम्म्या लोकांनी तो तसाच पाठवला होता! पुढच्या भागात रिपीटर आणि मेश यांच्यातला फरक. भेटूच.